योजन, स्टेडिया, मैल ते थेट प्रकाशवर्ष: जुनी मापं खगोलीय अंतरात कशी बदलायची

गुणाकार भागाकार हा या कामातला सगळ्यात सोपा भाग, तो मोबाईल करतो. गोची होते ती त्याच्या आधी. जुन्या ग्रंथात 'चंद्र इतकी योजनं' असं वाचलं की आपण लगेच नेटवर १ योजन म्हणजे किती किलोमीटर ते शोधतो, पहिला दिसेल तो आकडा उचलतो आणि गुणून मोकळे होतो. आता कुठे ८ किमी लिहिलेलं असतं, कुठे १२, कुठे १४, आणि हे सगळे आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात कारण योजन हे एकच माप कधी नव्हतंच. हीच गत स्टेडियाची (ग्रीकांचं माप), लीगची (युरोपातलं माप, काही मैलांचं) आणि मैलाचीसुद्धा. त्यामुळे खाली जे सांगतोय त्यात अर्ध्याहून जास्त भाग गुणाकाराच्या आधीचा आहे, कंटाळा आला तरी तो सोडू नका.

पायरी १: आकडा नेमका कशाचा आहे ते बघा

हे ऐकायला फालतू वाटतं पण सगळ्यात मोठ्या चुका इथंच होतात. सूर्यसिद्धांत या जुन्या भारतीय खगोलग्रंथात चंद्राचा आकडा ३,२४,००० योजनं आहे आणि सूर्याचा ४३,३१,५००. लोक हे सरळ 'चंद्राचं अंतर', 'सूर्याचं अंतर' म्हणून पुढे ढकलतात. पण ते अंतर नाहीच, ती कक्षा आहे, म्हणजे पूर्ण वर्तुळाचा परीघ. अंतर हवं असेल तर त्याला २π ने म्हणजे ६.२८३२ ने भागायला लागतं. हे विसरलात तर उत्तर सहापट फुगतं आणि मग त्यावर कितीही अचूक योजन लावा, काही उपयोग नाही.

तसंच व्यास की त्रिज्या, पृथ्वीच्या केंद्रापासून की पृष्ठभागापासून, सरासरी की जास्तीत जास्त, हेही बघायचं. टॉलेमी या दुसऱ्या शतकातल्या ग्रीक खगोलशास्त्रज्ञाकडे चंद्राचं जवळचं आणि लांबचं अंतर वेगवेगळं आहे, त्यातला कुठला आकडा तुमच्या हातात आहे ते माहीत नसेल तर पुढे जाऊच नका.

पायरी २: माप कुणाचं, कुठलं, कधीचं

'मैल' दिसला की १.६०९ किमी धरायची सवय घातक आहे. तो १,६०९.३४४ मीटरचा मैल १९५९ साली ठरलेल्या आंतरराष्ट्रीय यार्डावरून (०.९१४४ मीटर) येतो. रोमन मैल साधारण १.४८ किमी. अरबी मैल १.९ ते २ किमीच्या आसपास. जर्मन भौगोलिक मैल ७.४२ किमी, डॅनिश ७.५३, आणि जुना स्वीडिश मैल तर १०.६९ किमी! म्हणजे सगळे मैलच, पण सातपट फरक.

याचा सगळ्यात गाजलेला फटका कोलंबसला बसला. नवव्या शतकातला खगोलशास्त्रज्ञ अल-फरगानी याने लिहिलं होतं की पृथ्वीवरचा १ अंश म्हणजे ५६ २/३ मैल. ते अरबी मैल होते. कोलंबसने ते रोमन मैल धरले. ३६० ने गुणा: २०,४०० मैल. अरबी मैल १.९७ किमी धरला तर परीघ ४०,२०० किमीच्या आसपास येतो, जवळपास बरोब्बर. रोमन मैलाने तो ३०,२०० किमी होतो, म्हणजे पृथ्वी एक चतुर्थांश लहान आणि आशिया एकदम हाताशी. आकडा एकच, फक्त मैल बदलला.

इथे एक ट्रिक फार कामी येते. जुन्या युरोपियन पुस्तकात 'एका अंशात इतके' असं कुठंतरी लिहिलेलं असतं, ते शोधा. पृथ्वीवरचा १ अंश म्हणजे साधारण १११.२ किमी. फ्रेंच लीग अंशाला २५ असेल तर १११.२ ÷ २५ = ४.४५ किमी, सागरी लीग अंशाला २० म्हणजे ५.५६, आणि जर्मन मैल अंशाला १५ म्हणजे ७.४१. आजचा नॉटिकल मैल (१,८५२ मीटर) हा पण मुळात अंशाला ६० असलेलाच. पुस्तकात ही ओळ सापडली तर बाहेरचा कुठलाही तक्ता लागत नाही. फक्त लक्षात घ्या की लेखकाला त्याच्या काळी अंशाची खरी लांबी नीट माहीत असेलच असं नाही, त्यामुळे लीग जमिनीवर मोजलेली आहे की अंशावरून काढलेली आहे हा प्रश्न उरतोच.

पायरी ३: एकच आकडा नको, रेंज घ्या

स्टेडियाचं बघा. एरॅटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने इ.स.पू. तिसऱ्या शतकात पृथ्वीचा परीघ काढला, तो २,५२,००० स्टेडिया असा पुढे आलाय. स्टेडियम म्हणजे ६०० फूट, पण कुणाचे फूट? अथेन्सचं स्टेडियम साधारण १८५ मीटर, ऑलिंपियातलं १९२.२७, आणि काही अभ्यासक १५७.५ मीटरचं स्टेडियम धरतात. आता गुणा:

१५७.५ मी. → ३९,६९० किमी
१८५ मी. → ४६,६२० किमी
१९२.२७ मी. → सुमारे ४८,४५० किमी

ध्रुवांवरून मोजलेला खरा परीघ ४०,००८ किमी. 'एरॅटोस्थेनिस १ टक्क्याच्या आत बरोबर होता' हे जे सगळीकडे वाचायला मिळतं ते पहिल्या ओळीवर उभं आहे, आणि ती ओळ बऱ्याच लोकांना आवडते कारण तिच्यातून उत्तर छान येतं. हे उलटं झालं ना राव! आधी उत्तर ठरवायचं, मग त्याला जुळेल ते माप निवडायचं आणि मग म्हणायचं बघा कसं जुळलं. योजनांच्या बाबतीत तर असल्या गणितांचा पाऊस पडलेला असतो. तुमच्या हिशोबात माप निवडायचं कारण 'उत्तर बरोबर येतं' हे असेल तर तो हिशोब काही सिद्ध करत नाही. तेव्हा रेंज लिहा: ४०,००० ते ४८,५०० किमी. दिसायला कमी भारी पण खरं.

पायरी ४: शक्य असेल तर किलोमीटरमधे जाऊच नका

माझ्या मते ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. जुन्या खगोलाच्या ग्रंथात बहुतेक वेळा त्याच मापात पृथ्वीचा आकारही दिलेला असतो. मग त्या मापाचे किती किमी याची काळजीच करायची नाही. ग्रंथातल्या अंतराला ग्रंथातल्याच पृथ्वीच्या त्रिज्येने भागायचं, उत्तर 'पृथ्वीच्या किती त्रिज्या' असं येतं, आणि त्याला आजच्या ६,३७१ किमीने गुणायचं. माप कटतं, विषय संपतो.

करून बघू. सूर्यसिद्धांतात पृथ्वीचा व्यास १,६०० योजनं, म्हणजे त्रिज्या ८००.

चंद्रकक्षा ३,२४,००० ÷ ६.२८३२ = ५१,५६६ योजनं
५१,५६६ ÷ ८०० = ६४.५ त्रिज्या
६४.५ × ६,३७१ = सुमारे ४,११,००० किमी

आता आर्यभट. त्याच्याकडे पृथ्वीचा व्यास १,०५० योजनं, म्हणजे त्रिज्या ५२५. चंद्राच्या कक्षेवरची १ कला (अंशाचा ६० वा भाग) म्हणजे १० योजनं असं तो देतो, पूर्ण वर्तुळात २१,६०० कला, म्हणजे कक्षा २,१६,००० योजनं.

२,१६,००० ÷ ६.२८३२ = ३४,३७७ योजनं
३४,३७७ ÷ ५२५ = ६५.५ त्रिज्या
६५.५ × ६,३७१ = सुमारे ४,१७,००० किमी

चंद्राचं आजचं सरासरी अंतर ३,८४,४०० किमी, म्हणजे ६०.३ त्रिज्या. एका ग्रंथात ५१ हजार, दुसऱ्यात ३४ हजार, वरवर बघितलं तर वाटतं दोघांचं भांडण आहे. प्रत्यक्षात दोघं जवळपास तेच सांगतायत. पृथ्वीच्या खऱ्या व्यासावरून (१२,७४२ किमी) मागे गेलं तर सूर्यसिद्धांताचं योजन ७.९६ किमी पडतं आणि आर्यभटाचं १२.१ किमी. आणि कुणी सूर्यसिद्धांताच्या ५१,५६६ ला आर्यभटाचं १२.१ लावलं तर ६ लाख २५ हजार किमी येतात, चंद्र पार पळूनच गेला. तक्त्यातून उचललेलं योजन नेमका हाच घोळ करतं.

एक किरकोळ गोष्ट: सूर्यसिद्धांत परिघासाठी १० चं वर्गमूळ (३.१६२) वापरतो, π नाही. ते लावून केलं तर ६४.०४ त्रिज्या येतात. फरक छोटा आहे पण कुठलं वापरलं ते हिशोबाशेजारी लिहून ठेवा.

मग सूर्य का जुळत नाही?

हाच हिशोब सूर्याला लावा. ४३,३१,५०० ÷ ६.२८३२ = ६,८९,३७९ योजनं, ÷ ८०० = ८६२ त्रिज्या, × ६,३७१ = सुमारे ५५ लाख किमी. खरं अंतर १४.९६ कोटी. सत्तावीसपट कमी!

इथे हात शिवशिवतात, योजन जरा ताणावं असं वाटतं. ताणू नका. कारण तेच योजन चंद्राला बरोबर बसतंय. चूक मापात नाही, मॉडेलमधे आहे. सूर्यसिद्धांत असं धरतो की सगळे ग्रह (सूर्य-चंद्रही त्यात ग्रहच, पृथ्वीभोवती फिरणारे) दिवसाला सारखंच अंतर कापतात, साधारण ११,८५९ योजनं. म्हणजे ज्याला फेरीला जितके जास्त दिवस तितकी त्याची कक्षा मोठी. चंद्राला २७.३२ दिवस, सूर्याला ३६५.२६, भागाकार १३.३७, आणि ३,२४,००० गुणिले १३.३७ केलं की ४३ लाख ३१ हजारांच्या आसपास येतंच. सूर्याचं अंतर कुणी मोजलेलं नाही, ते गृहीतकातून निघालंय.

टॉलेमीचंही तसंच. त्याचा सूर्य १,२१० त्रिज्यांवर, म्हणजे ७७ लाख किमी. आणि अल-फरगानीने तीच पद्धत पुढे नेऊन ताऱ्यांचा गोल २०,११० त्रिज्यांवर ठेवला, मैलात ६,५३,५७,५०० (त्याच्याकडे पृथ्वीची त्रिज्या ३,२५० मैल). किमीत केलं तर साधारण १२.८ कोटी. म्हणजे त्याचं अख्खं विश्व आजच्या पृथ्वी-सूर्य अंतराच्या आतच मावतं! असं उत्तर आलं की आपलं काहीतरी चुकलं असं वाटून लोक गणित पुन्हा पुन्हा तपासतात, पण गणित बरोबर असतं.

पायरी ५: आता खगोलीय मापात

इथून पुढे सगळं पक्कं आहे, वाद नाही.

खगोलीय एकक (म्हणजे पृथ्वी-सूर्य सरासरी अंतर): १४,९५,९७,८७०.७ किमी. हे २०१२ पासून व्याख्येनेच ठरलंय, अगदी नेमकं.

प्रकाशसेकंद (प्रकाश एका सेकंदात जातो ते अंतर): २,९९,७९२.४५८ किमी.

प्रकाशवर्ष: ९,४६,०७३ कोटी किमी, किंवा ६३,२४१ खगोलीय एककं. वर्ष इथे ३६५.२५ दिवसांचं धरतात.

पार्सेक: २,०६,२६५ खगोलीय एककं, ३.२६१६ प्रकाशवर्षं.

कुठलं कधी वापरायचं? चंद्रापर्यंतच्या गोष्टी प्रकाशसेकंदात (४,११,००० ÷ २,९९,७९२ = १.३७ प्रकाशसेकंद, खरं १.२८), सूर्य आणि ग्रह खगोलीय एककात (सूर्यसिद्धांताचा सूर्य ०.०३७, टॉलेमीचा ०.०५२, अल-फरगानीचे तारे ०.८६), आणि प्रकाशवर्ष फक्त खऱ्या ताऱ्यांसाठी. जुन्या ग्रंथातलं अंतर प्रकाशवर्षात लिहिलं तर ०.००००००… असं काहीतरी येतं ज्यातून कुणालाच काही कळत नाही.

मैल आणि कोन दोन्ही दिले असतील तर

अठराव्या शतकापासून लेखक मैलाबरोबर लंबनसुद्धा देतात, म्हणजे दोन जागांवरून बघताना ती वस्तू जितकी सरकलेली दिसते तो कोन. दोन्ही असतील तर कोन धरा. थॉमस हॉर्न्सबी या इंग्लिश खगोलशास्त्रज्ञाचं उदाहरण घ्या. १७६९ च्या शुक्राच्या अधिक्रमणावरून (शुक्र सूर्यबिंबावरून सरकताना दिसतो ते) त्याने १७७१ साली सूर्याचं अंतर ९,३७,२६,९०० इंग्लिश मैल काढलं, सूर्याचं लंबन ८.७८ विकला (विकला म्हणजे कलेचा ६० वा भाग).

सरळ मैलाने: ९,३७,२६,९०० × १.६०९३४४ = १५.०८ कोटी किमी, म्हणजे १.००८ खगोलीय एककं.

कोनावरून: २,०६,२६५ ÷ ८.७८ = २३,४९३ पृथ्वीच्या त्रिज्या. इथे विषुववृत्ताची त्रिज्या लागते, ६,३७८ किमी. गुणाकार १४.९८ कोटी किमी, म्हणजे १.००१६.

दुसरं उत्तर पाचपट चांगलं आलं, कारण मैलात त्याच्या काळची पृथ्वीची त्रिज्या मिसळलेली आहे, कोनात नाही. आज लंबनाचा आकडा ८.७९४ विकला आहे, म्हणजे त्याचं मोजमाप खरोखर किती भारी होतं ते कोनातच दिसतं.

ताऱ्यांना तर हे आणखी सोपं. लंबन विकलांत असेल तर १ भागिले लंबन म्हणजे थेट पार्सेक. जर्मन खगोलशास्त्रज्ञ बेसेलने १८३८ साली ६१ सिग्नी या ताऱ्याचं लंबन ०.३१३६ विकला दिलं. १ ÷ ०.३१३६ = ३.१९ पार्सेक, × ३.२६१६ = १०.४ प्रकाशवर्षं. आजचं उत्तर ११.४. ना मैल ना लीग. फक्त सूर्याचं लंबन पृथ्वीच्या त्रिज्येवर असतं आणि ताऱ्याचं पृथ्वी-सूर्य अंतरावर, यांची सरमिसळ करू नका.

आकडे किती ठेवायचे

मूळ माप ५ टक्के अनिश्चित असेल तर उत्तर '४,१०,६५८.३ किमी' लिहिणं हा शुद्ध देखावा आहे. ४ लाख ११ हजार पुरे, ४.१ लाख तर अजून बरं. उलट बाजूने, मूळ आकडा चांगला असेल तर छोटे फरकही मोठे होतात: अमेरिकेचा जुना सर्व्हे फूट (२०२२ संपताना निवृत्त झाला) आणि आंतरराष्ट्रीय फूट यात फक्त दहा लाखात दोनचा फरक आहे, पण पृथ्वी-सूर्य अंतरावर तो ३०० किमी होतो. अर्थात ज्या काळात १ टक्क्याची चूक चालायची तिथे याची चिंता करायची गरज नाही.

स्प्रेडशीट १५ अंकांपर्यंतच नीट धरते, त्यामुळे प्रकाशवर्षाचे मीटर लांबलचक टाइप करत बसू नका, १० च्या घातात टाका. मधे कुठेही राउंड करू नका, शेवटी एकदाच. आणि प्रत्येक मापाला वेगळा सेल द्या म्हणजे योजन ८ वरून १२ केलं की सगळं आपोआप बदलतं, रेंज काढायला हेच सोयीचं. जीएनयू युनिट्स नावाचा फुकट प्रोग्राम आहे, त्यात जुनी मापं भरपूर आहेत, पण त्यातही ती कुणाची आणि कधीची ते बघूनच घ्या.

तोंडी तपासायची एक मस्त सोय

मैलात ६३,३६० इंच असतात. प्रकाशवर्षात ६३,२४१ खगोलीय एककं. फरक ०.२ टक्क्याहून कमी! हा निव्वळ योगायोग आहे पण तोंडी हिशोबाला एक नंबर. पृथ्वी-सूर्य अंतर १ इंच धरलं की १ प्रकाशवर्ष म्हणजे १ मैल, आणि प्रॉक्सिमा सेंटॉरी हा सूर्याच्या सगळ्यात जवळचा तारा ४.२४ मैलांवर. फर्लांग हा मैलाचा आठवा भाग, म्हणजे या स्केलवर १ फर्लांग साधारण दीड प्रकाशमहिना. खरोखरचे फर्लांग हवे असतील तर १ फर्लांग २०१.१६८ मीटर, आणि एका प्रकाशवर्षात ४७ लाख कोटी फर्लांग.

शेवटचा खड्डा, जुनी ब्रिटिश पुस्तकं वाचणाऱ्यांसाठी. तिथे बिलियन म्हणजे बहुतेक वेळा आजचा बिलियन नाही, तो १० चा १२ वा घात असतो. ब्रिटिश सरकारने १९७४ साली अधिकृतपणे १० चा ९ वा घात वापरायला घेतला. त्यामुळे ताऱ्याचं अंतर '६१ बिलियन मैल' असं दिसलं की आधी तपासा. ६१ × १० चा १२ वा घात, × १.६०९ किमी, ÷ (९.४६ × १० चा १२ वा घात), असं केलं की १०.४ प्रकाशवर्षं येतात, म्हणजे बेसेलचं ६१ सिग्नी. आजचा बिलियन धरला तर तारा ०.०१ प्रकाशवर्षावर येतो, आणि इतक्या जवळ सूर्याशिवाय एकही तारा नाही.